प्रतियुनिट किती सॅटोशी? घरगुती मायनिंग यंत्राच्या निवडीचे एक प्रकरण

माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान यांनी २०२५च्या अखेरीस घरी बिटकॉइन मायनिंग, म्हणजे यंत्राने सतत आकडेमोड करून नवी बिटकॉइन नाणी मिळवणे, सुरू करायचे जवळजवळ ठरवले होते. मी विद्युत अभियंता असल्यामुळे वायरिंगपुरता सल्ला घ्यावा, एवढ्याच हेतूने त्यांनी मला बोलावले. ताईने समोर ठेवलेला तक्ता मात्र नीट वाचल्यावर माझ्या लक्षात आले की वायरिंगचा प्रश्न नंतरचा आहे. तक्त्यात यंत्राचे नाव, किंमत, हॅशरेट (म्हणजे आकडेमोडीचा वेग), रोजची कमाई आणि "किती महिन्यांत वसूल" असे रकाने होते. आकडेमोड व्यवस्थित केलेली होती, पण एका रकान्याचा पायाच चुकलेला होता आणि त्या चुकीमुळे यंत्रांचा क्रम उलटा लागला होता. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, हीच चूक घरगुती मायनिंगचा विचार करणाऱ्या कोणाच्याही हातून सहज होऊ शकते.

त्यांच्यापुढे पाच पर्याय होते. पहिला, एका परिचिताकडून मिळणारा वापरलेला अँटमायनर एस१९ प्रो. त्याचा हॅशरेट ११० टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्न) आणि वीजवापर ३२५० वॉट. दुसरा, नवा अँटमायनर एस२१, म्हणजे २०० टेराहॅश आणि ३५०० वॉट. तिसरा, घरात खोली गरम करण्याच्या उपयोगासाठी बनवलेला अवालॉन मिनी ३, ज्याचा हॅशरेट ३७.५ टेराहॅश आणि वापर ८०० वॉट आहे. चौथा बिटॲक्स गॅमा, हे तळहातावर मावणारे एकाच चिपचे यंत्र असून ते सुमारे १.२ टेराहॅश देते आणि जेमतेम १८ वॉट खाते. पाचवा पर्याय लाइटकॉइन आणि डॉजकॉइन एकत्र काढणाऱ्या अँटमायनर एल७चा होता. घरात ग्राफिक्स कार्ड असलेला एक जुना संगणकही पडून होता आणि भाच्याला त्यावर मायनिंग करायचे होते. तो विचार आम्ही पाच मिनिटांत बाजूला ठेवला, कारण १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या दुसऱ्या नाण्याच्या जाळ्याने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि ग्राफिक्स कार्डांचा तो मुख्य आधार तेव्हाच संपला. एल७ देखील लवकरच बाद झाला. त्याचा ३४२५ वॉटचा भार आणि आवाज मोठ्या यंत्रांइतकाच असून, लाइटकॉइनच्या मायनिंगचे बक्षीस ऑगस्ट २०२३मध्ये निम्मे झालेले आहे, आणि दोन वेगळ्या नाण्यांच्या भावांची चिंता वाहण्याची त्या दोघांची तयारी नव्हती.

उरलेल्या चार यंत्रांची तुलना करण्याआधी कमाई येते कुठून, हे स्पष्ट करणे भाग होते. बिटकॉइनच्या जाळ्यात सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, तयार होतो, म्हणजे दिवसाला १४४. त्यासाठीचे आकड्यांचे कोडे जो आधी सोडवतो, त्याला बक्षीस मिळते. एप्रिल २०२४च्या हाविंगनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी बक्षीस निम्मे होते त्यानंतर, प्रत्येक ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात, म्हणून जगभरातील सगळ्या यंत्रांना मिळून रोज ४५० नवी नाणी वाटून घ्यावी लागतात. यंत्रे वाढली म्हणून नाणी वाढत नाहीत, कारण दर २०१६ ब्लॉकनंतर, साधारण दोन आठवड्यांनी, कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते आणि ब्लॉकचा वेग पुन्हा दहा मिनिटांवर आणला जातो. जाळ्याचा एकूण हॅशरेट २०२५मध्ये १००० एक्साहॅशच्या घरात गेला होता, म्हणून आम्ही हिशेबाला तोच आकडा धरला. एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश आणि एक बिटकॉइन म्हणजे दहा कोटी सॅटोशी. भागाकार केला की एका टेराहॅशला दिवसाला ४५ सॅटोशी येतात. व्यवहारशुल्काची थोडी भर पडते आणि पूल, म्हणजे अनेकांची यंत्रे एकत्र जोडून कमाई वाटणारा गट, आपली फी कापून घेतो. आम्ही भर धरली नाही आणि फी मात्र २ टक्के धरली, म्हणजे चूक झालीच तर ती सावधपणाच्या बाजूने व्हावी.

इथे मी एक गोष्ट आग्रहाने करायला लावली. सगळा हिशेब चलनात न मांडता सॅटोशीत मांडायचा आणि विजेचा दरसुद्धा सॅटोशीतच लिहायचा. एका युनिटला जे पैसे पडतात, तेवढ्या पैशांत त्या दिवशी बाजारात किती सॅटोशी मिळाले असते, तो त्या घराचा वीजदर. असे केले की प्रश्न अगदी सरळ होतो. यंत्र एक युनिट वीज खाऊन जितके सॅटोशी देते, त्याहून जास्त सॅटोशी त्याच पैशांत थेट विकत मिळत असतील, तर ते यंत्र चालू ठेवण्याला आर्थिक कारण उरत नाही.

यंत्राच्या बाजूचा आकडा काढणेही सोपे आहे. एका टेराहॅशमागे यंत्राला किती ज्यूल लागतात, हे माहितीपत्रकात दिलेले असते. वरील ४५ सॅटोशींच्या हिशेबाने १८७५ला (४५ला २४ तासांनी भागून हजाराने गुणले की हा आकडा येतो) त्या ज्यूलनी भागले की प्रतियुनिट सॅटोशी मिळतात. एस१९ प्रोला २९.५ ज्यूल लागतात, म्हणून तो एका युनिटमागे साधारण ६३ सॅटोशी देतो. एस२१ला १७.५ ज्यूल लागतात, त्याचे १०७ होतात. मिनी ३चे ८८ आणि बिटॲक्सचे १२५. तुलनेसाठी २०१६ सालचा, एके काळी घरोघरी चालणारा एस९ घेतला, तर त्याचे आज जेमतेम १९ सॅटोशी भरतात.

ताईच्या तक्त्यातील चूक यानंतर समोर आली. तिने विजेचा दर बिलावरच्या पहिल्या ओळीतून, म्हणजे पहिल्या टप्प्यातून घेतला होता. त्या दराचे त्या दिवशी ४८ सॅटोशी होत होते. या दराने एस१९ प्रो दिवसाला ४८५१ सॅटोशी कमावतो, ७८ युनिट खातो आणि ११०७ सॅटोशी शिल्लक ठेवतो. त्याची किंमत पाच लाख सॅटोशींच्या आसपास होती, म्हणजे सुमारे पंधरा महिन्यांत वसुली. एस२१ची किंमत ३५ लाख सॅटोशी आणि रोजची शिल्लक ४७८८, म्हणजे दोन वर्षे. वापरलेले यंत्र स्वस्त, लवकर फिटणारे, म्हणून तेच घ्यायचे, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि त्या दराने तो बरोबरही होता.

परंतु वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असेल, तर यंत्राला पहिला टप्पा कधीच मिळत नाही. तो टप्पा घरातील दिवे, पंखे आणि फ्रिज आधीच वापरून टाकतात. त्यांचे घर महिन्याला २१० युनिट वापरत होते. त्यावर एस१९ प्रोचे २३४० युनिट चढवले, की जवळजवळ सगळी भर शेवटच्या टप्प्यात पडते आणि अधिभार धरून त्या टप्प्याचा दर ११८ सॅटोशी निघाला. यंत्राच्या हिशेबात धरायचा दर हाच, कारण यंत्र लावले नसते तर जे युनिट बिलावर आलेच नसते, त्यांचीच ही किंमत आहे. बिलाची सरासरीसुद्धा इथे दिशाभूल करते.

११८ सॅटोशी दराने चित्र असे झाले. एस१९ प्रो रोज ४८५१ कमावणार आणि ९२०४ची वीज खाणार, म्हणजे दिवसाला ४३५३ सॅटोशींचा तोटा. या वेगाने चार महिन्यांच्या आतच यंत्राच्या किमतीइतकी रक्कम आणखी घालवली गेली असती. एस२१चा रोजचा तोटा १०९२. स्वस्त म्हणून निवडलेले यंत्र सर्वांत महाग निघाले आणि महाग यंत्रही तोट्यातच राहिले. केवळ बिटॲक्स कसाबसा काठावर तरला. तो दिवसाला ५३ सॅटोशी देतो, ५१ची वीज घेतो आणि शिल्लक दोन.

"अरे, पण भाव वाढला तर?" दाजींनी विचारले. हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याला उडवून लावणे योग्य नाही, म्हणून त्यावर आम्ही बराच वेळ दिला. समजा बिटकॉइनचा भाव दुप्पट झाला. मग त्यांचा वीजदर ११८वरून ५९ सॅटोशींवर येईल आणि एस२१ रोज ३८६४ सॅटोशी शिल्लक ठेवू लागेल. पण यंत्रासाठी ३५ लाख सॅटोशी आधीच मोजलेले असतील आणि ते परत मिळवायला या दराने ९०० दिवस लागतील. तेच ३५ लाख सॅटोशी यंत्र न घेता जवळ ठेवले असते, तर भाववाढीचा पूर्ण लाभ पहिल्याच दिवशी मिळाला असता. शिवाय हे ९०० दिवस हॅशरेट स्थिर राहील असे गृहीत धरतात. भाव वाढला की जगभर नवी यंत्रे सुरू होतात आणि एका टेराहॅशच्या वाट्याला येणारे सॅटोशी घटतात. त्यात २०२८मध्ये पुढचे हाविंग अपेक्षित आहे. तेव्हा जाळे आहे एवढेच राहिले, तरी एस२१चे १०७ सॅटोशी निम्म्यावर, साडेत्रेपन्नवर येतील.

ही घट किती तीव्र असते, ते दाखवायला मी एस१९ प्रोचेच उदाहरण दिले. हे यंत्र २०२०मध्ये आले. त्या वर्षी मे महिन्यातील हाविंगनंतर रोज ९०० नाणी निघत होती आणि जाळ्याचा हॅशरेट सुमारे १२० एक्साहॅश होता. म्हणजे एका टेराहॅशला दिवसाला ७५० सॅटोशी आणि या यंत्राला ८२ हजार ५०० सॅटोशी मिळत. आमच्या हिशेबात त्याच यंत्राला फी कापण्याआधी ४९५० मिळतात, म्हणजे जवळजवळ सतरावा भाग. मधल्या काळात भाव प्रचंड वाढला, म्हणून चलनात मोजणाऱ्याला ही घसरण तितकीशी जाणवत नाही. सॅटोशीत मोजले की ती उघडी पडते.

कागदावरचा हिशेब पटला, तरी दाजींना प्रत्यक्ष आकडे हवे होते, आणि त्यांचा हा आग्रह मला मनापासून आवडला. परिचिताने यंत्र नऊ दिवस चाचणीसाठी द्यायचे कबूल केले. मागच्या छोट्या खोलीत ते ठेवले, भिंतीतील प्लग आणि यंत्र यांच्यामध्ये युनिट मोजणारे मीटर लावले आणि भाच्याने रोज सकाळी व रात्री नोंद घ्यायची ठरले.

पहिल्या तासातच आवाजाने सर्वांना विचार करायला लावले. एस१९ला चार पंखे असतात आणि उत्पादकाच्या माहितीतही आवाज ७५ डेसिबल दिलेला आहे. तो आवाज उंच पट्टीचा आणि अखंड असतो. दार लावल्यावरही शेजारच्या खोलीत फोनवर बोलताना आवाज चढवावा लागत होता, आणि दार लावले की दुसरीच अडचण उभी राहत होती. मीटरवर ३३१० वॉट दिसत होते आणि यातला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता बनून खोलीतच सांडतो. एक टनाचा वातानुकूलक साधारण ३५०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे या एका यंत्राची उष्णता काढायला जवळजवळ एक अख्खा एसी सतत चालवावा लागेल. दार लावून वीस मिनिटे थांबलो तेव्हा यंत्रात शिरणाऱ्या हवेचे तापमान २७ अंशांवरून ४१ अंशांवर गेले. यंत्रासाठी सांगितलेली मर्यादा ४० अंशांची आहे. नंतरचे दिवस दार आणि खिडकी उघडी ठेवूनच काढावे लागले.

तिसऱ्या दिवसापासून आकडेमोडीच्या चिप बसवलेल्या तीन हॅशबोर्डांपैकी एक अधूनमधून बंद पडू लागला. हा बनावटीचा दोष नव्हता. यंत्र उघडल्यावर उष्णता शोषणाऱ्या पट्ट्यांमध्ये राखाडी धुळीची जाड साय दिसली आणि एका जोडणीवर दमटपणाचा हिरवट थर चढलेला होता, कारण आधी ते बराच काळ उघड्या छपराखाली चालवले गेले होते. बोर्ड बंद असताना हॅशरेट ७३ टेराहॅशवर उतरायचा आणि वीजवापरही २२३० वॉटपर्यंत खाली यायचा. प्रतियुनिट सॅटोशी त्यामुळे फारसे बदलले नाहीत. फरक पडतो तो यंत्राच्या किमतीच्या वसुलीत, कारण तेवढीच किंमत कमी नाण्यांवर पसरते. वापरलेले यंत्र घेणाऱ्याने केवळ "चालू आहे" या शब्दावर न थांबता निदान दोन-तीन दिवसांचा पूलवरचा सरासरी हॅशरेट का पाहावा, ते यावरून कळते.

नऊ दिवसांनंतर पूलच्या खात्यात ४० हजार १०० सॅटोशी जमा झाले आणि मीटरने ६५२ युनिट दाखवले. म्हणजे प्रतियुनिट साडेएकसष्ट. कागदावर आम्ही ६३ काढले होते. शेवटच्या टप्प्याच्या दराने या विजेची किंमत जवळजवळ ७७ हजार सॅटोशी होते. तेवढ्याच पैशांत बाजारातून थेट नाणी घेतली असती, तर जवळजवळ दुप्पट मिळाली असती, तीही आवाज, उष्णता आणि पाळत यांच्याविना.

वायरिंगचा मुद्दा शेवटी आलाच. प्लग काढला तेव्हा सॉकेटच्या एका छिद्राभोवती नाण्याच्या कडेसारखे तपकिरी वर्तुळ उमटलेले होते आणि पिन बोटांना चटका बसेल इतकी तापलेली होती. सॉकेट १६ अँपिअरचे होते. २३० व्होल्टवर ३३१० वॉट म्हणजे सव्वाचौदा अँपिअरहून थोडे जास्त, म्हणून वरवर पाहता ते बसते. पण इस्त्री किंवा गीझर काही मिनिटे चालतो आणि थांबतो, तर हे यंत्र दिवसाचे चोवीस तास तोच प्रवाह ओढत राहते. सततच्या भारासाठी सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच जावे, हा आमच्या धंद्यातील सर्वमान्य संकेत आहे आणि १६चे ८० टक्के १२.८ होतात. अशा यंत्राला थेट मीटरच्या पेटीतून वेगळे सर्किट, जाड तांब्याची तार आणि स्वतःचा ब्रेकर हवा. घराचा मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो, कारण ३ किलोवॉटच्या जोडणीवर साडेतीन किलोवॉटचा एस२१ एकटाच मर्यादा ओलांडतो. जिथे घरात ११० व्होल्टचा पुरवठा आहे, तिथे ही मोठी यंत्रे साध्या प्लगवर चालतच नाहीत, कारण त्यांच्या वीजपुरवठा संचाला २०० ते २४० व्होल्ट लागतात. हे वर्तुळ मी दोघांना दाखवले आणि चाचणी त्याच दिवशी थांबवली. चाचणीच्या आधी ते सॉकेट मी स्वतः तपासायला हवे होते, ही माझी चूक मी त्यांच्याजवळ कबूल केली.

यंत्र मंदगतीने चालवण्याचा पर्यायही तपासला. चिपचा व्होल्टेज आणि वेग उतरवला की हॅशरेट घटतो, पण प्रति टेराहॅश ज्यूलही घटतात आणि पंखे शांत होतात. एस१९ प्रो अशा रीतीने २५ ज्यूलपर्यंत आणला असे मानले, तर ७५ सॅटोशी मिळतात. ११८पुढे ते तोकडेच. छतावरच्या सौर पॅनेलच्या विजेचीही तीच गत आहे. जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलात वजावट मिळत असेल, तर ती फुकट नसते. आणि यंत्र केवळ दुपारचे पाच तास चालवले, तर कमाई पाचव्या हिश्श्यावर येते, पण यंत्र जुने होण्याचा वेग तोच राहतो.

उष्णतेच्या उपयोगाचा विचार मात्र मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, कारण घरगुती मायनिंगचे गणित जुळण्याची शक्यता तिथेच आहे. थंडीचे चार महिने हे कुटुंब संध्याकाळी साधा विजेचा हीटर लावते. मिनी ३ हा ८०० वॉटचा हीटरच आहे, आणि तेवढ्या तासांपुरती त्याची वीज कशीही खर्च होणारच होती, म्हणून तिचा भार मायनिंगवर टाकायचे कारण नाही. रोज आठ तास, १२० दिवस, म्हणजे ७६८ युनिट आणि फी जाता सुमारे ६६ हजार सॅटोशी निव्वळ. हा खरा लाभ आहे. त्याच खोलीत हीट पंप असता, तर लाभ जवळजवळ नाहीसा झाला असता, कारण चांगला हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो आणि मग यंत्राच्या विजेचा एक तृतीयांश भागच वाचलेला धरता येतो. पण त्यांना मिळालेला मिनी ३चा भाव नऊ लाख सॅटोशींचा होता. वर्षाला ६६ हजारांच्या दराने त्याला तेरा वर्षांहून अधिक लागतात आणि तेवढ्या काळात तीन हाविंग होऊन जातील.

शेवटी त्यांनी मोठे यंत्र घेतले नाही. वापरलेला एस१९ प्रो परत करताना दाजींनी बोर्डाच्या दोषाची आणि नऊ दिवसांच्या नोंदींची चिठ्ठी यंत्राच्या खोक्यात ठेवली, म्हणजे पुढच्या घेणाऱ्याला ते माहीत असेल. भाच्यासाठी बिटॲक्स घेतला, तो शिकण्यासाठी, हे तिघांनीही स्पष्टपणे मान्य केले. स्वतंत्रपणे ब्लॉक सापडण्याची त्याची शक्यता इतकी कमी आहे की आजच्या जाळ्यात सरासरी एका ब्लॉकला जवळजवळ सोळा हजार वर्षे लागावीत. पण पूलशी जोडणी कशी होते, काठिण्यपातळी कशी बदलते, तापमान वाढल्यावर चूक कशी वाढते, हे सगळे तो त्या छोट्या पडद्यावर रोज पाहतो आणि यंत्र त्याच्या टेबलावर फारसा आवाज न करता चालते.

ताईने आपल्या तक्त्यातील "किती महिन्यांत वसूल" हा रकाना खोडून तिथे दोन नवे रकाने आखले आहेत. एकात यंत्राचे फी वजा जाता प्रतियुनिट सॅटोशी आणि दुसऱ्यात बिलाच्या शेवटच्या टप्प्याचा दर. काठिण्यपातळी बदलली की, साधारण दोन आठवड्यांनी, ती दोन्ही आकडे नव्याने भरते. एस२१च्या ओळीत सध्या १०५ आणि ११८ असे लिहिलेले आहे.